ब्राइसच्या दाराशी दोन गारठलेल्या रात्री

ब्राइस कॅन्यन राष्ट्रीय उद्यानाच्या दारातल्या या हॉटेलचं नाव लिहीत नाही. तक्रार त्यांना लेखी दिली आहे, पैशाचा प्रश्न मिटला आहे, आणि कुणाचा धंदा बुडवायचा माझा हेतू नाही. पण वयस्कर माणसं आणि लहान मुलं बरोबर घेऊन अमेरिकेतल्या युटा राज्यातली राष्ट्रीय उद्यानं गाडीने बघायला निघालेल्यांनी हे वाचावं असं मनापासून वाटतं.

आम्ही सहा जण होतो. मी, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन सात महिने झालेले आमचे हे, मुलगा, सून, अकरा वर्षांची नात आणि सहा वर्षांचा नातू. सप्टेंबर 2025 मधली गोष्ट. आधी बेत वेगळा होता. ग्रँड कॅन्यनच्या नॉर्थ रिमवरच्या, म्हणजे उत्तर काठावरच्या, जुन्या लॉजमध्ये दोन रात्रींचं बुकिंग मुलाने वर्षभर आधी करून ठेवलं होतं. जुलैत तिथल्या वणव्यात ते लॉज जळून गेलं आणि नॉर्थ रिम त्या हंगामापुरता बंद झाला. 1932 मध्येही ते एकदा जळलं होतं आणि पुन्हा बांधलं होतं, हे मला तेव्हा कळलं. पैसे परत मिळाले, पण दोन महिन्यांवर आलेल्या सहलीसाठी सगळी हॉटेलं घाईत नव्याने शोधावी लागली. ज्या दोन ठिकाणी त्रास झाला, ती दोन्ही या घाईतली आणि दोन्ही बुकिंगच्या वेबसाइटवरून घेतलेली.

पहिला त्रास झायन राष्ट्रीय उद्यानापाशी स्प्रिंगडेल गावात झाला. त्यावर फार लिहीत नाही, कारण खोल्या चांगल्या होत्या. लास व्हेगासला उतरून भाड्याची गाडी हातात येईपर्यंत संध्याकाळचे सात वाजले. तिथून स्प्रिंगडेल 160 मैल. सव्वादहापर्यंत पोहोचू असं मुलाने वेबसाइटवरून कळवलं होतं आणि सव्वादहालाच पोहोचलो, पण लास व्हेगासच्या, म्हणजे नेवाडा राज्याच्या घड्याळाने. युटात एक तास पुढे असतं. तिथे सव्वाअकरा वाजले होते आणि ऑफिस अकराला बंद झालेलं. दाराचा कोड त्यांनी ईमेलने पाठवला होता म्हणे, पण वेबसाइट ग्राहकाचा खरा पत्ता हॉटेलला देत नाही, मधला स्वतःचा एक पत्ता देते, आणि तिथून तो ईमेल पुढे आलाच नाही. दारावर लिहिलेला रात्रीचा नंबर लावला तर नुसतं रेकॉर्डिंग. पन्नास मिनिटं आम्ही गाडीत बसून होतो. नातू झोपला, हे पाय लांब करता येईनात म्हणून बाहेर उभे राहिले. बारा वाजून गेल्यावर मालकांचा उलटा फोन आला आणि दार उघडलं. सकाळी ‘तुम्ही उशिरा आलात’ एवढंच ऐकायला मिळालं.

तरीही झायनला जाणाऱ्यांनी राहावं स्प्रिंगडेललाच. मार्च ते नोव्हेंबर कॅन्यनमधल्या मुख्य रस्त्यावर खाजगी गाड्या नेऊ देत नाहीत, उद्यानाच्या शटल बसनेच आत जायचं असतं. स्प्रिंगडेलमधून उद्यानाच्या दारापर्यंतही फुकट शटल असते. गाडी हॉटेलवर सोडून निघालो, पार्किंग शोधावं लागलं नाही. त्या सोयीसाठी जास्त पैसे मोजले त्याचं मला काही वाटत नाही.

आता ब्राइस. झायनच्या पूर्व बाजूने, 1930 साली खुल्या झालेल्या एका मैलाहून लांब बोगद्यातून बाहेर पडून, दोन तासांत तिथे पोहोचता येतं. अंतर 85 मैलांच्या आसपास, पण चढ किती हे नकाशावर लक्षात येत नाही. स्प्रिंगडेल साधारण 1,200 मीटर उंचीवर आहे, ब्राइसच्या दारातली हॉटेलं 2,300 मीटरच्या पुढे. दुपारी झायनला घाम पुसत होतो आणि रात्री ब्राइसला पारा 3 अंशांवर. म्हणजे तिथल्या हॉटेलातलं हीटर ही चैन नाही, गरज आहे.

बुकिंग होतं दोन खोल्यांचं, प्रत्येकीत दोन क्वीन बेड, दोन्ही तळमजल्यावर. यांचा गुडघा कारण म्हणून मुलाने लिहिलं होतं. काउंटरवर गेलो तर एक खोली तशी, दुसरीत एकच किंग बेड, आणि दोन्ही वरच्या मजल्यावर. लिफ्ट नाही. जिना बाहेरच्या बाजूने, लोखंडी, सतरा पायऱ्या. काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, मजला आणि बेड या ‘विनंत्या’ असतात, हमी नसते. जादा पलंग मागितला तर अग्निसुरक्षेच्या नियमामुळे त्या खोलीत ठेवता येत नाही म्हणाले. नियम मला मान्य आहे. पण सहा माणसांचं बुकिंग ज्यांनी घेतलं, त्यांनी चारऐवजी तीनच बेड असलेल्या खोल्यांची किल्ली कशी दिली? वेबसाइटला फोन केला तर त्यांनी हॉटेलशी बोलायला सांगितलं. हॉटेल म्हणालं, तुम्ही पैसे वेबसाइटला दिलेत, बदल तेच करतील. या टोलवाटोलवीत सव्वा तास गेला आणि त्या दिवशीचा सूर्यास्त आम्ही काउंटरसमोरच्या खुर्च्यांवर बसून घालवला. मला सगळ्यात जास्त दुःख याचं आहे. राष्ट्रीय उद्यानात माणूस हॉटेलसाठी जात नाही. हॉटेलने फक्त झोपू द्यावं आणि वेळेवर बाहेर पडू द्यावं.

हे कठडा धरून, एकेक पायरी, चढले. एकदाही कुरकुरले नाहीत, त्याने मला जास्तच लागलं. नात रजई अंथरून गालिच्यावर झोपली.

रात्री अकरानंतर आमच्या खोलीतलं हीटर बंद पडलं. तिकडच्या मोटेलांत खिडकीखाली भिंतीत बसवलेलं एक युनिट असतं, त्यातच एसी आणि त्यातच हीटर. ते खडखड करत राहिलं आणि गार हवा फेकू लागलं. बंद करावं तर थंडी, चालू ठेवावं तर आणखी थंडी. कपाटात जादा ब्लँकेट नव्हतं. आम्ही स्वेटर घालून, मोजे घालून, नातीला मध्ये घेऊन पडलो. दीड वाजता मी मुलाला न उठवता खाली गेले.

रात्रपाळीला एक तरुण मुलगी होती. माझं इंग्रजी तिला कळत होतं, तिचं मला थोडं कमी, पण थंडी दोघींना कळत होती. तिने गोदामातून छोटं विजेचं हीटर काढलं, ते स्वतः उचलून सतरा पायऱ्या चढली आणि सुरू होईपर्यंत थांबली. मग परत खाली जाऊन दोन ब्लँकेटं घेऊन आली. त्यातलं एक हॉटेलचं नव्हतंच. निळ्या चौकड्यांचं, तिच्या स्वतःच्या गाडीतलं. सकाळी मी ते घडी करून तिच्या हातात दिलं.

सूर्योदय सव्वासातच्या सुमारास होता. नाश्ता सातला सुरू. उद्यानाच्या दारात असलेल्या हॉटेलात ही वेळ ठेवणाऱ्याने स्वतः कधी सूर्योदय बघितला असेल असं मला वाटत नाही. आदल्या रात्री केळी आणि दही खोलीत न्यायला मागितलं, तर ‘सात वाजता’ हेच उत्तर. गाडीतली बिस्किटं खाऊन निघालो.

आणि तिथे ते खांब! हूडू म्हणतात त्यांना. केशरी, गुलाबी, पांढरे, हजारोंनी उभे. पाणी भेगांत शिरतं, रात्री गोठून फुगतं, दगड फोडतं, आणि वर्षातल्या कितीतरी रात्री हेच चालू असतं. ज्या थंडीने आम्हाला रात्रभर जागवलं तिनेच हे सगळं कोरलं आहे, हे नातीने फलकावर वाचून आजोबांना समजावलं. सनराइज पॉइंट ते सनसेट पॉइंट ही कडेकडेची वाट अर्ध्या मैलाची, बांधलेली आणि जवळजवळ सपाट आहे. गुडघेदुखीच्या माणसाने निर्धास्त जावं. हे काठी टेकत पूर्ण चालले.

परत आल्यावर मॅनेजर भेटले. दुसऱ्या रात्रीसाठी त्यांनी तळमजल्यावरची एक खोली दिली, युनिट मात्र दुरुस्त झालं नाही, छोटं हीटरच खाली आणून ठेवलं. रिकामी झाली म्हणून दिली असं म्हणाले. पण त्या मजल्यावर चार दारांपुढे आदल्या संध्याकाळीही गाडी नव्हती, हे मी बघितलं होतं. खोलीत गारठा राहिलाच.

निघताना बिल आलं, त्यात 72 डॉलर जादा. खोलीमागे रोज 18 डॉलर ‘सुविधा शुल्क’, दोन खोल्या, दोन रात्री. सुविधा कोणती विचारलं तर पोहण्याचा तलाव. तलावावर ताडपत्री होती, हंगाम संपला म्हणून बंद. मी बँकेत चौतीस वर्षं काढली, कागद वाचल्याशिवाय सही करत नाही. बुकिंगच्या वेळी छापून घेतलेली पावती फायलीत होती. त्यात एकूण रक्कम कर धरून लिहिलेली, शुल्काचा उल्लेख नाही. तिकडे 12 मे 2025 पासून फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेचा नियम लागू आहे: हॉटेलने सक्तीची सगळी शुल्कं जाहिरातीतल्या एकूण किमतीतच दाखवायची, मागाहून काढायची नाहीत. मुलाने तो नियम शांतपणे सांगितला, मी पावती पुढे ठेवली. 72 डॉलर वजा झाले. खोलीच्या भाड्यातून मात्र एक डॉलरही कमी केला नाही, हीटर बंद होतं तरी.

तिथून हायवे 12 ने कॅपिटल रीफ उद्यानाजवळच्या टोरी गावाला गेलो. रस्त्याबद्दल वेगळं लिहावं लागेल. बोल्डर माउंटनवर ॲस्पेनची झाडं पिवळी होऊ लागली होती आणि सून दर वळणावर गाडी थांबवायला सांगत होती. टोरीला आम्ही वेबसाइट सोडून सरळ मोटेललाच फोन केला. सुनेने तीनच गोष्टी विचारल्या: जिना चढावा लागेल का, कोणते बेड नक्की मिळतील, आणि हीटर चालतं का. फोनवरच्या बाई म्हणाल्या, थांबा, चालू करून बघून येते. आणि खरंच बघून आल्या. खोली जुनी, टीव्ही लहान, पण दारापुढे गाडी लागत होती आणि पायरी एकही नव्हती. भाडं ब्राइसपेक्षा कमी. कॅपिटल रीफच्या आत फ्रुटाला जुन्या वस्तीतल्या फळबागा आहेत. तिथे सफरचंदं आपल्या हाताने तोडता येतात, वजन करून पैसे पेटीत टाकायचे. त्यातली दोन आम्ही त्या बाईंना नेऊन दिली.

पुढे मोआब गावातलं हॉटेल ठीक होतं, कपडे धुवायची मशीनं चालू होती, नाश्ता सहापासून मिळायचा. तिथल्या आर्चेस राष्ट्रीय उद्यानात त्या काळात सकाळी सात ते दुपारी चार आत शिरायला वेळ ठरवलेलं तिकीट लागत होतं, आम्ही सहालाच खाऊन सातच्या आत शिरलो.

ब्राइसच्या हॉटेलला पाचपैकी दोन तारे देते आहे. खोली, बेड, हीटर, नाश्ता, बिल, यातल्या कशासाठीही ते नाहीत. दोन्ही तारे त्या रात्रपाळीच्या मुलीचे आहेत, आणि तसं मी मॅनेजरना दिलेल्या पत्रातही लिहिलं आहे.