हॉबी १६ : डिंगीवरून कॅटामरानवर येताना

डिंगीवर, म्हणजे एका सांगाड्याच्या छोट्या शिडाच्या होडीवर, हात बसलेल्या आणि आता दोन सांगाड्यांची वेगवान कॅटामरान चालवू पाहणाऱ्या माणसाने पहिली होडी कोणती घ्यावी, या प्रश्नाचे माझे उत्तर हॉबी १६ हे आहे. सोलापुरातल्या एका मित्रासह भागीदारीत घेतलेली, आधी वापरलेली ही होडी आम्ही जलसंपदा विभागाच्या परवानगीने उजनीच्या जलाशयावर चालवतो. पावसाळ्यातला पश्चिमेचा दमदार वारा असो की हिवाळ्यातली मंद झुळूक, दोन्हींत तिचा स्वभाव आम्ही पाहिला आहे. होडी उत्तम आहे. मात्र डिंगीवर अंगवळणी पडलेल्या बऱ्याच सवयी ती मोडायला लावते, आणि हे परीक्षण मुख्यतः त्या सवयींविषयी आहे.

हॉबी ऑल्टर यांनी कॅलिफोर्नियात विकसित केलेली ही होडी मुळात लाटांतून थेट वाळूवर चढवता यावी अशी बांधलेली आहे. लांबी ५.०५ मीटर, रुंदी २.४१ मीटर आणि वजन सुमारे १४५ किलो. आपल्यापैकी अनेक जण ज्या लेझर डिंगीवर, म्हणजे आताच्या इल्का ७ वर शिकतात, तिचे शीड ७.०६ चौरस मीटरचे असते. इथे मेन (मोठे शीड) आणि जिब (पुढचे छोटे शीड) मिळून ते २० चौरस मीटरच्या थोडे वर जाते. दोन्ही हलची, म्हणजे तरंगणाऱ्या सांगाड्यांची, बाहेरची बाजू सपाट आणि आतली फुगीर असल्यामुळे होडी वाऱ्याच्या दाबाने आडवी फारशी घसरत नाही आणि डॅगरबोर्डची, म्हणजे पाण्यात खाली सोडायच्या पात्याची, गरज उरत नाही. उजनीसाठी हा गुण लाखमोलाचा आहे. उन्हाळ्यात धरण वजा पातळीत गेले की काठ दूर सरकतो, पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते आणि एरवी खोल असणाऱ्या जागी जुनी खोडे व दगड वर येतात. अशा पाण्यात खाली बोर्ड नसलेली आणि तळाला लागताच रडर (सुकाणूचे पाते) वर उचलले जाणारी होडी निर्धास्तपणे काठाला लावता येते.

खरी परीक्षा टॅक घेताना, म्हणजे होडीचे तोंड वाऱ्यातून फिरवून दुसऱ्या बाजूला वळताना, होते. लेझर टिलरच्या (सुकाणू फिरवायच्या मुठीच्या) एका झटक्यासरशी वळते, कारण ती आखूड आहे आणि मधल्या बोर्डाभोवती फिरते. हॉबीचे दोन लांब हल पाण्यात रुतून सरळच जाऊ पाहतात, आणि टिलर झटक्यात ढकलला तर रडर ब्रेकसारखे काम करून होडी वाऱ्याच्या तोंडावर उभी करतात. म्हणून आधी पुरेसा वेग घ्यावा, टिलर सावकाश पण न थांबता ढकलत न्यावा, आणि होडीचे तोंड वाऱ्यातून पार होताच मेनशीट (मोठ्या शिडाची दोरी) हातभर सैल सोडावी, म्हणजे मागचे मोठे शीड तिला पुन्हा वाऱ्याकडे ओढत नाही. जिब मात्र लगेच सोडू नये. तो उलट्या बाजूने भरू द्यावा, म्हणजे तोच पुढचे टोक ओढून नेतो. टिलरचा लांब दांडा मेनशीटच्या मागून फिरवून दुसऱ्या हातात घ्यावा लागतो आणि लेझरवरून आलेल्याचा हात नेमका इथे अडखळतो. हा हात काठावर, होडी वाळूवर असतानाच बसवून घ्यावा. एवढे जमले की होडी ऐकते. होडी अडकून मागे जाऊ लागलीच, तर रडर उलटे धरून तिला हव्या त्या बाजूला नेता येते.

वेगाचा आनंद शब्दांत मांडणे अवघड आहे. ट्रॅपीझवर, म्हणजे डोलकाठीला बांधलेल्या तारेवर, होडीबाहेर लटकून, वाऱ्याकडचा हल पाण्यापासून वीतभर वर ठेवून जाताना होडी इतकी धावते की जाणवणारा वारा पुढच्या बाजूने येऊ लागतो आणि शीड सतत आत ओढावे लागते. त्यामुळेच वाऱ्यासोबत जाताना लेझरप्रमाणे सरळ खाली न जाता नागमोडी जावे. अंतर वाढले तरी एकूण वेळ कमी लागतो. धोकाही तिथेच आहे. हॉबीची पुढची टोके अरुंद असल्यामुळे झोताच्या वेळी वाऱ्यापासून दूरच्या बाजूचा हल पाण्यात घुसतो आणि होडी पुढे कोलांटते. झोत आला की वाऱ्याकडे वळण्याची डिंगीतली सवय इथे घात करते. वाऱ्यासोबत धावत असताना वाऱ्यापासून दूरच वळावे, वजन मागे न्यावे आणि मेनशीट हाताबाहेर जाऊ देऊ नये.

उलटल्यावर डिंगीसारखे बोर्डावर उभे राहून काम भागत नाही. वरच्या हलवरून दोरी टाकून दोघांनी मागे झुकावे लागते, पुढचे टोक वाऱ्याकडे असावे लागते, आणि हलक्या माणसाला एकट्याने होडी सरळ करणे जवळपास अशक्य असते. होडी पूर्ण पालथी झाली तर उजनीच्या उथळ भागात डोलकाठी गाळात रुतते, म्हणून उलटताच एकाने पोहत डोलकाठीच्या टोकाकडे जाऊन ते पाण्यावर धरून ठेवावे. लाइफ जॅकेटविषयी तडजोड नकोच. २१ मे २०२४ रोजी कुगाव आणि कळाशी यांदरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जणांचा जीव गेला, तो याच पाण्यावर. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर आम्ही होडी पाण्यात घालत नाही. काठावरच्या एका मच्छीमार काकांनी आम्हाला सांगितले होते, “पश्चिमेला पाणी काळं पडाय लागलं की वारं आलंच समजा,” आणि ती खूण आजही पाळतो.

फॉर्म्युला १८ या मोठ्या कॅटामरानकडे जाण्याचा मोह होणाऱ्यांनी थोडे थांबावे. तिची रुंदी २.६० मीटर, किमान वजन १८० किलो आणि शिवाय स्पिनेकर (वाऱ्यासोबत जाताना उभारायचे फुगीर शीड). ती चालवायला तयार जोडीदार लागतो. ऑलिंपिकमधली नॅक्रा १७ ही कॅटामरान तर टोकियो ऑलिंपिकपासून फॉइलवर, म्हणजे पाण्याखालच्या पंखांवर, उडते. ती धरणावर शिकण्याची होडी नव्हे.

वापरलेली हॉबी घेणाऱ्याने पुढच्या खांबांजवळचा डेक (हलचा वरचा पृष्ठभाग) अंगठ्याने दाबून पाहावा. तो मऊ लागला तर आतला थर सुटला आहे, आणि ती होडी कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यावी. रडरचे सांधे हलवून पाहावेत आणि ट्रॅम्पोलिनची (दोन हलमधल्या ताणलेल्या कापडाची) दोरी पूर्ण ताणून घ्यावी. डोलकाठी अॅल्युमिनियमची असल्याने ती उभी करण्याआधी काठावर आणि पाण्यावरून जाणाऱ्या विजेच्या तारा दोघांनी मिळून नजरेने तपासाव्यात.