जुनी एम३ की नवी एम३?

कागदावर ही तुलना सुरू व्हायच्या आधीच संपते. २००० साली आलेल्या ई४६ पिढीच्या बीएमडब्ल्यू एम३मध्ये ३.२ लिटरचं, बिनटर्बोचं (म्हणजे हवा दाबून भरणाऱ्या पंख्याशिवायचं) सहा सिलिंडर इंजिन आहे. ताकद ३४३ अश्वशक्ती. २०२०च्या जी८० पिढीत इंजिन ३ लिटरचं, पण त्याला दोन टर्बो, आणि साध्या आवृत्तीतही ४८० अश्वशक्ती. शून्य ते शंभर गाठायला जुनीला पाच सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो, नवीची फोर-व्हील ड्राइव्ह, जास्त ताकदीची ‘कॉम्पिटिशन’ आवृत्ती ते साडेतीन सेकंदांत उरकते. तरीही या दोघींमध्ये अडकलेले लोक भरपूर आहेत, आणि त्यांचं अडकणं मला पटतं.

जुन्या इंजिनाची कमाल ताकद ७९०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे (रेव्ह) झाले की येते. सहा सिलिंडरना सहा वेगळे थ्रॉटल, म्हणजे हवा सोडणाऱ्या झडपा, तेही सिलिंडरच्या अगदी जवळ. त्यामुळे पाय जरा हलला तरी इंजिन लगेच बोलतं. खालच्या रेव्हला ही गाडी अगदी सभ्य, थोडी मंदच म्हणा. पाच हजारांच्या पुढे मात्र आवाज खरखरीत होत चढत जातो आणि गिअर बदलावासा वाटत नाही. त्यात गंमत अशी, की दुसऱ्या गिअरमध्ये काटा आठ हजारांला भिडला तरी वेग ताशी शंभराच्या आसपासच असतो. म्हणजे लायसन्स पणाला न लावता अख्खं इंजिन वापरता येतं.

नवीत ५५० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे इंजिनाची पिळण्याची ताकद, २६५० आरपीएमलाच हजर होतो आणि सहा हजारांच्या पुढेपर्यंत टिकतो. टर्बो इंजिन म्हणून हे अव्वल आहे, रेडलाईन, म्हणजे फेऱ्यांची कमाल मर्यादा, हीही ७२०० आहे. पण एवढा दम खालीच मिळत असेल तर वर जायचंच कशाला? उजवा पाय अर्धा दाबेपर्यंत वेग नियमाबाहेर गेलेला असतो. शिवाय एक्झॉस्टच्या वाटेत टर्बोची टर्बाइन बसली की आवाजाची धार बोथट होते, युरोपातल्या गाड्यांत त्यात काजळी अडवणाऱ्या पार्टिकल फिल्टरची भर पडते, आणि मग आत बसलेल्याला खूश ठेवायला स्पीकरमधून आवाज मिसळला जातो. या शेवटच्या प्रकाराची मला चीड आहे. टर्बो आले ते उत्सर्जनाच्या नियमांमुळे, हे समजू शकतं. कमी भारावर छोटं इंजिन चाचणीत कमी इंधन पितं. खोटा आवाज मात्र कुठल्याही नियमाने मागितलेला नाही.

नियमांची वाट कुठे जाते ते शेजारच्या कंपनीत दिसलंच. मर्सिडीज-एएमजीच्या सी६३मध्ये एकेकाळी ६.२ लिटरचं आठ सिलिंडरचं (व्ही८) इंजिन होतं; नंतरच्या पिढीत दोन लिटरचं चार सिलिंडर इंजिन आणि मागे इलेक्ट्रिक मोटर आली. एकत्रित ताकद ६८० अश्वशक्ती, वजन २१०० किलोंच्या वर. त्यामानाने जी८० साधीसुधीच म्हणायची.

वजनाचं रडगाणं इथेही आहे. नवी एम३ जुनीपेक्षा दोनशेहून जास्त किलोंनी जड, सुमारे ३० सेंटीमीटर लांब आणि १२ सेंटीमीटर रुंद. जुनी दोन दारांची, नवी चार दारांची, त्यामुळे मागे माणसं बसणार असतील तर प्रश्नच मिटला. अरुंद वळणाच्या रस्त्यावर मात्र ती रुंदी सारखी जाणवत राहते. जुनीचं स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे, रस्त्याची खबर हातापर्यंत येते. नवीचं इलेक्ट्रिक, अचूक पण मुकं. दर्शनी ग्रिलबद्दल काय बोलावं? गाडी चालवताना ती आपल्याला दिसत नाही, एवढाच दिलासा. आतल्या स्क्रीनचं मात्र तसं नाही. २०२२च्या बदलांत एसीची बटणं स्क्रीनमध्ये गेली. जी८० घ्यायचीच असेल तर मी त्याआधीची शोधेन, आणि मॅन्युअल. मॅन्युअल फक्त ४८० अश्वशक्तीच्या रिअर-व्हील ड्राइव्ह आवृत्तीत मिळते, कॉम्पिटिशनमध्ये नाही.

आता जुनीची दुसरी बाजू. मागची चाकं धरणारा सांगाडा, म्हणजे सबफ्रेम, जिथे बसतो तिथला पत्रा तडकणं हा ई४६चा प्रसिद्ध रोग आहे. गाडी लिफ्टवर चढवून तिथे नजर टाकल्याशिवाय व्यवहार करू नका. सुरुवातीच्या गाड्यांचे कनेक्टिंग रॉडचे (पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्यांचे) बेअरिंग कंपनीने स्वतः बदलून दिले होते. तुमच्या गाडीत ते कधी बदलले, हे कागदावर हवं. व्हॅनोस, म्हणजे व्हॉल्व्ह टायमिंगची यंत्रणा, हाही खर्चाचा विषय. एसएमजी, म्हणजे क्लच पेडल नसलेल्या गिअरबॉक्सची गाडी स्वस्तात मिळत असेल तरी मी मॅन्युअलच घेईन. इंजिन थंड असतानाच जोरात ओढलेली गाडी तर नकोच. रेव्ह काउंटरवर ऑइल गरम होईल तसतसे विझत जाणारे दिवे आहेत; मालक चालवून दाखवताना त्यांच्याकडे लक्ष देतो का, ते बघा.

एकच गाडी ठेवायची आणि रोज वापरायची असेल तर नवी घ्या, कुरकुर करत का होईना. दुसरी गाडी दाराशी असेल आणि महिनाभर गॅरेजमध्ये अडकलेली एम३ परवडत असेल, तर जुनी. रेव्ह हवेत पण जुन्या गाडीची दुखणी नकोत, अशांनी एम३चा नाद सोडून टोयोटा जीआर८६ चालवून पाहावी: २.४ लिटर, टर्बो नाही, वजन १३०० किलोंच्या आत, आणि एसीला फिरवायचे खरेखुरे नॉब.