डेडझोन आणि कर्व्ह: स्टीम इनपुटमध्ये लावायचे की गेममध्येच?

पीसीवर कंट्रोलरने खेळता आणि स्टिक ड्रिफ्ट व्हायला लागली (हात न लावताच कॅमेरा किंवा कॅरेक्टर सरकायला लागलं) की डेडझोन, म्हणजे स्टिकच्या मधला जो भाग हालचाल म्हणून मोजलाच जात नाही तो, नेमका कुठे वाढवायचा हा प्रश्न येतोच, कारण जागा दोन आहेत, स्टीम इनपुट (स्टीममधली कंट्रोलरची सेटिंग) आणि गेमची स्वतःची सेटिंग. मी दोन्हीकडे भरपूर खेळलोय, त्यामुळे लिहितोय.

स्टीमची बाजू खरंच भक्कम आहे. डेडझोन एकदा लावला की सगळ्या गेमना लागू, कर्व्ह (स्टिक किती ढकलली की वेग किती वाढतो ते ठरवणारा) हवा तसा बनवता येतो, शिवाय डेडझोनचा आकारही निवडता येतो. लेफ्ट स्टिकला क्रॉस (अधिकच्या चिन्हासारखा आकार) लावला की सरळ धावताना कॅरेक्टर तिरकं सरकत नाही, हे मला फार आवडलं (राइटला मात्र गोलच ठेवा, नाहीतर तिरकं एम करताना ते आडव्या-उभ्या रेषेला चिकटतं). आणि ज्या जुन्या गेममध्ये डेडझोनचं ऑप्शनच नाही तिथे दुसरा इलाजही नाही.

पण एक गोष्ट मला सतत खुपायची. लांबचं टार्गेट असेल तर स्टिक किंचित ढकलावी लागते, आणि तिथेच काही हलायचं नाही, मग अजून ढकललं की कॅमेरा टार्गेटच्या पलीकडे. कारण असं की बऱ्याच गेमच्या आत त्यांचा स्वतःचा डेडझोन आधीच बसलेला असतो. मायक्रोसॉफ्टने एक्सइनपुटसाठी (विंडोजवर गेम ज्यातून कंट्रोलर वाचतात ते) डेव्हलपर्सना जे आकडे दिलेत तेच बघा ना, लेफ्टला 7849 आणि राइटला 8689, पूर्ण रेंज 32767, म्हणजे राइट स्टिकचा साधारण 26.5 टक्के भाग गेला. त्यावर तुम्ही स्टीममध्ये 10 टक्के लावले की जवळपास 34 टक्के स्टिक मेलेली (हे 10, आणि उरलेल्या 90 मधले 26.5 टक्के). आणि वर सुरुवातीला संथ असणारा कर्व्ह लावला, समजा वर्गाच्या हिशोबाने चढणारा, तर अर्धी स्टिक ढकलून झाली तरी गेमला काही कळलेलंच नसतं!

यावर स्टीममध्ये अँटी-डेडझोन (स्टिकचा सिग्नल गेमच्या आतल्या डेडझोनच्या पलीकडूनच सुरू करणारा) आहे आणि तो कामही करतो, पण दर गेमचा आतला आकडा अंदाजाने शोधायचा, जरा जास्त झाला की ड्रिफ्ट परत हजर. ज्यांना असं ट्यूनिंग करायला आवडतं त्यांना चालेल कदाचित.

गेमच्या सेटिंगमध्ये हा डबल हिशोबच नाही. कॉल ऑफ ड्यूटीमध्ये दोन्ही स्टिकचे डेडझोन वेगळे, कर्व्हला स्टँडर्ड, लिनियर (जेवढी स्टिक तेवढाच वेग), डायनॅमिक असे पर्याय. एपेक्स लेजेंड्समध्ये अॅडव्हान्स्ड लुक कंट्रोल्स उघडले की डेडझोन, आउटर थ्रेशोल्ड (स्टिकच्या कडेचा डेडझोन), कर्व्ह सगळं आकड्यात मिळतं आणि एडीएसचा (नेम धरून बघतानाचा) स्पीड वेगळा ठेवता येतो. दर नवीन गेमला परत सेट करावं लागतं हा त्रास आहे, मान्य, पण फार वेळ लागत नाही.

मी गेममधला डेडझोन शून्यावर नेतो, स्टिक एका बाजूला पूर्ण ढकलून सोडून देतो, असं चारही बाजूंना, कारण झिजलेली स्टिक दरवेळी वेगळ्याच जागी येऊन थांबते. कॅमेरा सरकला तर एक-एक पायरी वाढवायची, थांबला की तिथेच सोडायचं. कर्व्ह त्यानंतर, आणि सुरुवात लिनियरपासून, म्हणजे आपला हात कुठे घाई करतो ते तरी कळतं.

तुमचा प्लेस्टेशनचा कंट्रोलर असेल आणि गेम त्याला थेट ओळखत नसेल तर स्टीम इनपुट चालूच ठेवावं लागेल, तेव्हा तिथला डेडझोन काढून टाका, कर्व्ह लिनियर ठेवा आणि बाकीचं गेमला करू द्या.