पॅलेट क्लॅम्पचा अलार्म: आधी सेन्सर तपासायचा की हायड्रॉलिक?

जॉब ज्यावर बांधतात ते पॅलेट सीएनसी मशीनच्या टेबलावर पकडलं गेल्याची खूण मिळाली नाही, म्हणजे ‘पॅलेट क्लॅम्प कन्फर्म नाही’ असा अलार्म आला, की मशीनभोवती लगेच दोन पक्ष पडतात. इलेक्ट्रिकलवाला म्हणतो तेल बघा, मेकॅनिकलवाला म्हणतो सेन्सर बघा. दोघांपैकी कोणीही बरोबर असू शकतो. पण सुरुवात चुकीच्या टोकाने झाली तर शिफ्ट कधी संपली ते कळत नाही.

मुळात हा अलार्म पकडीबद्दल काही सांगतच नाही. लॅडरने, म्हणजे मशीनच्या आतल्या कंट्रोल प्रोग्रामने, व्हॉल्व्हला आउटपुट दिलं, टायमर चालू केला आणि ठरलेल्या वेळात इनपुट परत आलं नाही, एवढीच त्याची तक्रार. फानुक कंपनीच्या कंट्रोलवर 1000 ते 1999 नंबरांचे मेसेज मशीन बनवणाऱ्याने आपल्या लॅडरमध्ये लिहिलेले असतात. एका मशीनवर तो नंबर पॅलेटचा, तर दुसऱ्यावर वंगणाच्या तेलाचाही असू शकतो. म्हणून नंबर शोधत बसू नका. पीएमसीची (लॅडर चालवणाऱ्या भागाची) स्क्रीन उघडा, व्हॉल्व्हचा वाय (आउटपुट) पत्ता आणि स्विचचा एक्स (इनपुट) पत्ता समोर ठेवा, आणि क्लॅम्प द्यायच्या आधी डायल (सूक्ष्म हालचाल दाखवणारं गेज) लावा.

डायल आधी का? कारण पकड झाली की नाही, हे स्क्रीनला विचारून कळत नाही. स्पिंडलला लिव्हर डायल लावायचा, टोक पॅलेटच्या वरच्या पृष्ठभागावर टेकवायचं, हात बाहेर ठेवून मेंटेनन्स मोडमधून अनक्लॅम्प-क्लॅम्प करायचं. काटा खाली ओढला गेला, दर वेळी त्याच रेषेवर थांबला, तरी एक्स बदलत नाही? सेन्सरकडे जा. काटा हललाच नाही, किंवा उगाच थोडा सरकून थांबला? तेलाकडे जा. काटा हलतोय पण दर वेळी वेगळ्या जागी थांबतोय, किंवा एक कोपरा उंच राहतोय? मग दोन्ही पक्ष चुकले. पॅलेट ज्या शंकूवर बसतं त्या कोनवर चिप (धातूचा कातरा) बसली आहे.

सेन्सरची बाजू

ही बाजू स्वस्त, पटकन होणारी, म्हणून सगळ्यांना आवडते. एम12 फ्लश प्रॉक्सीवर (12 मिमीच्या, धातूत सपाट बसणाऱ्या प्रॉक्सिमिटी सेन्सरवर) 2 मिमी अंतर लिहिलेलं असतं, पण खात्रीचं अंतर त्याच्या 81 टक्के, म्हणजे साधारण 1.6 मिमी. कोणीतरी 1.8 वर ठेवून जातो. बाकावर चालतं, मशीन तापलं की चुकायला लागतं. तेही अंतर लोखंडी टार्गेटसाठी. समोर ॲल्युमिनियमची पट्टी असेल तर साधारण 40 टक्केच धरा. मी 1 मिमीच्या आसपास लावतो आणि नट पेंटने मार्क करतो, म्हणजे पुढच्या वेळी कोणी हलवलाय का ते दिसतं.

अलार्म अधूनमधून, विशेषतः टेबल एकाच जागी गेलं की येत असेल, तर सेन्सर बदलण्याआधी केबल चेनमध्ये वायर हलवून एक्सकडे बघा. तुटलेली वायर नव्या सेन्सरलाही तशीच छळते.

हायड्रॉलिकची बाजू

ही वेळखाऊ आणि घाणेरडी, म्हणून लोक टाळतात. पण इथे एक गैरसमज फार वेळ खातो. सोलेनॉइडच्या (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या कॉइलच्या) कनेक्टरवरचा लाल दिवा लागला म्हणजे व्हॉल्व्ह चालला, असं नाही. 24 व्होल्ट पोचले, एवढंच. स्पूल (व्हॉल्व्हच्या आतला सरकणारा दांडा) अडकलेला असला तरी दिवा लागतोच. दारं बंद, माणसं बाजूला, मग व्हॉल्व्हच्या टोकाची पिन दाबा. पिनने क्लॅम्प झाला तर कॉइलवर संशय. नाही झाला तर स्पूल किंवा त्याच्या पुढचं काहीतरी.

गेजकडे बघायची वेळ क्लॅम्पच्या क्षणाची. काटा क्षणभर पडून परत वर आला तर तेल गेलं, सिलिंडर भरला. काटा पडून खालीच राहिला तर आत सील गेलं असेल किंवा पंप थकला असेल. काटा हललाच नाही तर तेल वाटेतच अडलं. फक्त सकाळी पहिल्या दोन चक्रांत अलार्म येतो आणि मग दिवसभर नाही, तर आधी थंड तेल धरा: व्हीजी 32 तेलाची 40 अंशांवरची श्यानता (घट्टपणा) 32 सेंटीस्टोक्स, तीच 15 अंशांवर तिपटीच्या वर जाते. इथे टायमर वाढवणं मला मान्य आहे. बाकी कुठेही नाही.

प्रेशर कमी म्हणजे नेमकं किती बिघडलं? 100 मिमी व्यासाचा पिस्टन 70 बारवर सुमारे 55 किलोन्यूटन देतो. 50 बारवर तोच सुमारे 39. अलार्म न येता पकडीतला जवळजवळ तिसरा हिस्सा गेला, आणि फिनिशिंग कटला कोणाला कळणारही नाही. रफिंगला, म्हणजे जड कटला, कळेल.

आता एक गोष्ट आधी तपासा, नाहीतर वरचं सगळं उलटं लागू होईल. काही मशीनमध्ये तेल पकडतं, काहींत डिस्क स्प्रिंगचा (बशीसारख्या चकत्यांचा) थर पकडतो आणि तेल फक्त सोडतं. स्प्रिंगवाल्यात प्रेशर कमी झालं की अडतं ते अनक्लॅम्प. पकड ढिली पडते ती स्प्रिंग तुटल्यावर, आणि ते कुठल्याच गेजवर दिसत नाही. वीज गेली तरी पकड टिकते, हा फायदा खरा. पण तो थर दाबून बसवलेला असतो. ड्रॉइंग आणि टूलिंग हातात नसेल तर त्याचे बोल्ट उघडू नका.

कुणाची साक्ष किती खरी

प्रॉक्सी सांगते: पिस्टन इथवर आला. किती जोराने, ते तिला माहीत नाही. प्रेशर स्विच सांगतो: या लाइनमध्ये दाब आहे. पिस्टन हलला का, त्याला माहीत नाही. तो चेक व्हॉल्व्हच्या (तेल एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या व्हॉल्व्हच्या) पंपाकडच्या अंगाला बसवलेला असेल तर सिलिंडरकडचं तेल गळत असतानाही ‘ठीक’ म्हणत राहतो. एअर सीटिंगचा स्विच सांगतो: कोनवर पॅलेट टेकलंय, तिथे सोडलेली हवा निसटत नाही. चिप बसली की नेमका हाच ओरडतो, आणि लोक नेमका हाच सेट करून गप्प करतात. तिघांतला एकच निवडायचा असेल तर मी एअर सीटिंगला जास्त मान देईन. पण हवेचा दाब 5 बारच्या खाली घसरला किंवा लाइनमध्ये पाणी आलं की तोही विनाकारण कुरकुरतो, हे धरून चाला.

रोटरी टेबल वेगळं

बी अक्षाच्या (टेबल फिरवणाऱ्या अक्षाच्या) क्लॅम्पला वरची यादी जशीच्या तशी लावू नका. तिथे ब्रेक, म्हणजे तो क्लॅम्प, सुटला नाही तर सर्व्हो (टेबल फिरवणारी मोटर) टेबल ओढू बघतो आणि 411, म्हणजे हलताना एररचा अलार्म येतो. क्लॅम्प होताना टेबल सरकलं तर 410, म्हणजे थांबलेलं असताना एररचा. दोन्ही वेळा लोक ड्राइव्हला दोष देतात. डायल 250 मिमी त्रिज्येवर लावून क्लॅम्प करा: 0.001 अंश सरकलं तर तिथे 4.4 मायक्रॉन दिसतात. काटा 20 मायक्रॉन उडाला तर ड्राइव्ह राहू द्या, क्लॅम्पची डिस्क बघा.

एका जुन्या मशीनच्या पॅनेलमध्ये मला क्लॅम्प कन्फर्मच्या इनपुटवर जंपर (सेन्सरला वळसा घालणारी वायर) सापडला. टेप पिवळी पडली होती, कधी लावला ते कोणालाच माहीत नव्हतं. काढला, पहिल्याच क्लॅम्पला अलार्म आला. सेन्सर नवाकोरा, प्रेशर बरोबर. पॅलेट उचललं तर एका कोनवर नखाएवढी चिप, दाबून दाबून इतकी चपटी आणि चकचकीत झालेली की बोट फिरवल्याशिवाय कळत नव्हती. तासून काढायला पाच मिनिटं लागली. कोनवर तिचा ठसा मात्र उमटला होता, तो काढायला दोन दिवस.