जुन्या कपाटावर भासचित्र की डेकूपाज?

जुनं सागवानी कपाट नाहीतर पेटी सजवायला काढली की बहुतेक जण आधी विचारतात, 'मला चित्र जमेल का?' मी त्याआधी विचारते, ती वस्तू लोक कुठून बघणार?

भासचित्र म्हणजे सपाट दारावर अर्धवट उघडा खण किंवा फडताळातली पुस्तकं खरीच वाटावीत असं रंगवणं. ते ठरावीक जागेवरूनच खरं वाटतं. मी स्टुलाच्या बैठकीवर उघडी पेटी रंगवली होती. समोरून सुंदर, बाजूने पार वाकडी. शेवटी सगळं घासून काढलं. भिंतीला टेकलेल्या कपाटाचं दार मात्र या कामाला उत्तम. विषय फार खोल न दिसणारा घ्यावा: खिळ्याला टांगलेली किल्ली लांबलचक दालनापेक्षा चटकन फसवते. सावली खोलीतल्या खिडकीचा उजेड धरून पाडावी आणि ती काळी नको. पार्श्वभूमीच्या रंगातच थोडा बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी रंग, मिसळावा. वस्तूलगत सावलीची कड ठळक, पुढे पुसट.

ट्रे, पेटी, स्टूल अशा हाताळायच्या, चहूबाजूंनी दिसणाऱ्या वस्तूंना मी डेकूपाजच, म्हणजे कागदी चित्रं कापून चिकटवणंच, सुचवेन. १८व्या शतकात व्हेनिसच्या कारागिरांनी महागड्या चिनी-जपानी लाखकामाची नक्कल अशीच केली: छापील चित्रं कापून लाकडावर चिकटवायची आणि वर वॉर्निश चढवायचं. इटलीतल्याच बास्सानो गावच्या रेमोंदिनी छापखान्याची चित्रं त्यासाठी वापरली जात. या कामाला 'लाक्का पोव्हेरा', म्हणजे गरिबाचं लाखकाम, म्हणतात.

चित्रकला येत नसली तरी चालते, पण चिकाटी लागते. इंकजेटची शाई ओलाव्याने पसरते, म्हणून लेझर प्रिंट घ्या. पेपर नॅपकिनचा फक्त नक्षीचा वरचा पदर वापरा. कागद मधून कडेकडे दाबत न्या, म्हणजे फुगे राहत नाहीत. कागदाची कड बोटाला लागेनाशी होईपर्यंत वॉर्निशचे हात द्यायचे, मधूनमधून बारीक पॉलिश पेपर फिरवायचा. भर पावसाळ्यात हे काम काढू नका, थर लवकर वाळत नाहीत.

दोन्हींचा मेळही बसतो. मिलानचे डिझायनर पिएरो फोर्नासेत्ती आणि जिओ पोंती यांच्या १९५१च्या 'आर्किटेत्तुरा' कपाटावर इमारतींच्या कमानी भासचित्रासारख्या खऱ्या वाटतात, पण त्या हाताने रंगवलेल्या नाहीत, छापून उतरवल्या आहेत. घरी करायचं तर पत्राचं किंवा फुलाचं चित्र कापून चिकटवा, वॉर्निशचा एक हात देऊन वाळू द्या, मग खिडकीच्या विरुद्ध बाजूला पातळ रंगाने सावली ओढा. उरलेलं वॉर्निश त्यानंतर.