स्टार विकायचा की सांभाळायचा? पोर्टलंड आणि ओक्लाहोमा सिटीच्या दोन वाटा

२३ एप्रिल २०१९ची रात्र, आपल्याकडे २४ची सकाळ. एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा सामना, पोर्टलंडच्या कोर्टवर स्कोअर ११५-११५. पोर्टलंडचा डेमियन लिलार्ड मधल्या रेषेच्या जरा पुढे उभा राहून चेंडूला टप्पे देतोय, समोर ओक्लाहोमा सिटीचा पॉल जॉर्ज. सेकंद संपत आले तरी लिलार्ड बास्केटकडे निघायचं नाव घेत नाही. मग एक पाऊल मागे सरकतो आणि ३७ फुटांवरून चेंडू सोडतो. भोंगा वाजतो, चेंडू जाळीत. लिलार्डचे ५० गुण पूर्ण होतात आणि ओक्लाहोमाच्या खेळाडूंकडे बघून तो हात हलवत त्यांना निरोप देतो.

त्या एका शॉटने पहिल्या फेरीची मालिका संपली आणि दोन संघांच्या वाटा फुटल्या. हरलेल्या ओक्लाहोमा सिटी थंडरने त्याच उन्हाळ्यात जॉर्ज आणि रसेल वेस्टब्रुक हे आपले दोन्ही स्टार ट्रेड केले, म्हणजे दुसऱ्या संघांना देऊन बदल्यात मोबदला घेतला. जिंकलेल्या पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्सने त्याच उन्हाळ्यात लिलार्डला सगळ्यात मोठ्या रकमेचा करार देऊन बांधून ठेवलं. दोन्ही शहरं लहान. लॉस एंजेलिस किंवा मायामीत येतात तसे मोठे खेळाडू तिथे आपल्या पायांनी चालत येत नाहीत. ड्राफ्टमधून मिळवावे लागतात नाहीतर ट्रेडमधून. ड्राफ्ट म्हणजे नव्या खेळाडूंची वार्षिक निवड, त्यात हरणाऱ्या संघांचा क्रमांक साधारणपणे आधी लागतो. म्हणूनच ही तुलना मला खरी वाटते. तुमच्या संघाचा स्टार तिशीला टेकला असेल, संघ दरवर्षी लवकर गारद होत असेल आणि काय करावं हे ठरत नसेल, तर या दोघांची पुढची सहा वर्षं शेजारी ठेवून बघा.

आधी ओक्लाहोमा. सलग तीन वर्षं हा संघ पहिल्याच फेरीत हरला होता. जुलै २०१९ मध्ये कवाय लेनर्ड या स्टारला लॉस एंजेलिसच्या क्लिपर्सकडून खेळायचं होतं, पण सोबत पॉल जॉर्ज हवा होता, आणि जॉर्जनेही ट्रेड मागितला. जॉर्जच्या कराराची किमान दोन वर्षं शिल्लक होती, त्यामुळे ओक्लाहोमाला घाई नव्हती. घाई क्लिपर्सना होती. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ते इथे खरेदीदाराला लागू पडलं. ओक्लाहोमाने पहिल्या फेरीचे पाच ड्राफ्ट पिक, म्हणजे नवा खेळाडू निवडायचे हक्क, घेतले, दोन वर्षांच्या पिकांची अदलाबदल करायचा हक्क घेतला, डॅनिलो गॅलिनारी घेतला आणि जेमतेम एक हंगाम खेळलेला शे गिल्जस-अलेक्झांडर घेतला. लगोलग रसेल वेस्टब्रुकही ह्यूस्टनला गेला आणि बदल्यात ख्रिस पॉल व आणखी पिक आले.

पुढचं सगळं गोड नव्हतं. २०२०-२१ मध्ये २२ विजय, ५० पराभव. त्यानंतरच्या हंगामात २४ विजय, ५८ पराभव. २ डिसेंबर २०२१ला मेम्फिसने त्यांना १५२-७९ असं धुतलं. ७३ गुणांचा फरक, एनबीएच्या इतिहासातला सर्वांत मोठा पराभव. पुनर्बांधणी हा शब्द ऐकायला बरा वाटतो. प्रत्यक्षात तिचा अर्थ असा स्कोअरबोर्ड. तिकीट काढून येणाऱ्या माणसाने हे दोन हंगाम सोसले, हे हिशेबात धरायलाच हवं.

पण क्लिपर्सच्याच एका पिकातून २०२२ मध्ये बाराव्या क्रमांकावर जेलन विल्यम्स मिळाला. स्वतःच्या पराभवांतून मिळालेल्या दुसऱ्या क्रमांकाच्या पिकावर चेट होम्ग्रेन आला. मग ४० विजय, ५७ विजय, ६८ विजय, आणि जून २०२५ मध्ये विजेतेपद. गिल्जस-अलेक्झांडर त्या हंगामाचा आणि अंतिम मालिकेचाही सर्वोत्तम खेळाडू ठरला. पॉल जॉर्ज तोवर क्लिपर्सनाही सोडून फिलाडेल्फियाला गेला होता, आणि क्लिपर्सच्या हाती बदल्यात काहीच आलं नाही.

आता पोर्टलंड. त्या शॉटनंतर ते पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीपर्यंत गेले आणि गोल्डन स्टेटकडून ४-० हरले. तो त्यांचा कळस होता, पण क्लबला तो पायथा वाटला. २०२० आणि २०२१ मध्ये पहिल्याच फेरीत बाहेर. २०२१ला डेन्व्हरविरुद्ध लिलार्डने एकाच सामन्यात ५५ गुण आणि बारा तीन-गुणी शॉट केले, तरीही दुहेरी जादा वेळेत पोर्टलंड हरलं. एकटा माणूस किती ओढेल, हे त्या रात्रीच स्पष्ट दिसत होतं.

त्यानंतर पोर्टलंडने जे केलं ती मला सगळ्यात मोठी चूक वाटते. २०२२च्या फेब्रुवारीत लिलार्डचा जोडीदार सी. जे. मॅकॉलम विकला, पण जुलैमध्ये लिलार्डचा करार आणखी वाढवला. २०२३ला तिसऱ्या क्रमांकाच्या पिकावर एकोणीस वर्षांचा स्कूट हेंडरसन घेतला, तेव्हा बत्तिशीतल्या लिलार्डला आत्ता मदत करणारा खेळाडू हवा होता. दोन्ही डगरींवर पाय. जुलै २०२३ मध्ये लिलार्डने ट्रेड मागितला, तोही फक्त मायामीला. आता गरजवंत विकणारा होता. तीन महिने घोळ चालला आणि शेवटी तो मिलवॉकीला गेला. मोबदला अगदीच टाकाऊ नव्हता. त्यात आलेला जरू हॉलिडे पुढे बॉस्टनला देऊन खेळाडू आणि पिक मिळवले, आणि त्यातूनच पुढे डेनी अव्दिया आला. पण गिल्जस-अलेक्झांडर मिळाला नाही. आणि पुनर्बांधणी चार वर्षं उशिरा सुरू झाली ती झालीच.

म्हणून माझ्या लेखी खरा प्रश्न हा की करार किती बाकी आहे आणि टेबलावर घाई कोणाला आहे. वॉशिंग्टनने ब्रॅडली बीलला २०२२ मध्ये मोठा करार दिला, वर ट्रेड नाकारायचा हक्कही दिला. वर्षभराने त्याला विकताना हाती जवळपास काहीच लागलं नाही.

स्टार तरुण असेल तर मात्र हा सगळा हिशेब बाजूला ठेवा. डॅलसने फेब्रुवारी २०२५ मध्ये पंचविशीतला लुका डॉन्चिच लेकर्सना दिला आणि घेतलं काय, तर तिशी ओलांडलेला अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि पहिल्या फेरीचा एकच पिक. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागणं याहून वेगळं काय असतं? पुढे ड्राफ्टमधले पहिले क्रमांक ठरवणाऱ्या लॉटरीत १.८ टक्के शक्यता असताना पहिला पिक लागून कूपर फ्लॅग मिळाला, पण तो नशिबाचा भाग. यानिस अँटेटोकुम्पोला मिलवॉकीने २०२० मध्ये धरून ठेवलं ते योग्यच होतं. तो २६ वर्षांचा होता, जोडीला हॉलिडे आणला, आणि २०२१च्या अंतिम मालिकेतल्या सहाव्या सामन्यात यानिसने ५० गुण करून विजेतेपद आणलं.

आणि विकून झालं की यश ठरलेलं, असंही नाही. फिलाडेल्फिया मुद्दाम हरत गेलं, २०१५-१६ मध्ये १० विजय आणि ७२ पराभव इथवर घसरलं. जोएल एम्बीड मिळाला, पण विभागाच्या अंतिम फेरीत ते २००१ नंतर २०२५पर्यंत एकदाही पोचले नाहीत. २०१९ला बदललेल्या नियमाने लॉटरीत सर्वांत खालच्या तिन्ही संघांना पहिल्या पिकाची प्रत्येकी १४ टक्केच संधी ठेवली. यूटाने २०२४-२५ मध्ये फक्त १७ सामने जिंकले, लीगमध्ये तळाला राहिले, आणि वाट्याला आला पाचवा पिक. तेव्हा विकायचंच असेल तर पिकांच्या ढिगावर भुलू नका. कोर्टवर उतरून थोडंफार दाखवलेला एक तरुण खेळाडू मागा, आणि पिक अशा संघाचे घ्या जो दोन-चार वर्षांत म्हातारा होणार आहे.

लिलार्ड जुलै २०२५ मध्ये पोर्टलंडला परतला. टाचेचा स्नायुबंध तुटलेला, अख्खा हंगाम खेळता येणार नाही हे माहीत, तरी पोर्टलंडने तीन वर्षांचा करार दिला. हे प्रेम मी कमी लेखत नाही. अकरा वर्षं एका शहराला त्याने जे दिलं ते विजेतेपदाच्या हिशेबात बसत नाही. पण मला विचाराल तर डेन्व्हरविरुद्धच्या त्या ५५ गुणांनंतर, २०२१च्या उन्हाळ्यात, करार चार वर्षं शिल्लक असताना आणि त्याने काही मागितलेलं नसताना, मी त्याच्यासमोर बसून, त्याला विश्वासात घेऊन, त्याचा ट्रेड केला असता.