वाहत्या द्रावणातले मोठे रेणू: पातळ सेल, एटीआर की वाळवलेला थर?

रेणू वेगळे करणाऱ्या कॉलममधून प्रथिने किंवा पॉलिमर बाहेर पडत असतानाच त्यांचा इन्फ्रारेड स्पेक्ट्रम हवा असेल, तर तीन वाटा आहेत. पातळ सेलमधून (दोन खिडक्यांमधल्या अरुंद फटीतून) किरण आरपार सोडा, एटीआर स्फटिकावरून (यात किरण स्फटिकाच्या आतूनच परावर्तित होतो) द्रावण वाहू द्या, नाहीतर द्रावक उडवून मागे राहिलेला थर मोजा. जोडायला सोपे म्हणून बहुतेकांचा कल एटीआरकडे असतो. माझ्या मते आधी द्रावक बघावा, उपकरण नंतर.

द्रावक पाणी असेल तर दुखणे एकच. पाण्याचा बँड १६४५ सेमी⁻¹ च्या आसपास, म्हणजे नेमका प्रथिनांच्या अमाइड-१ बँडवर (मुख्यतः साखळीतल्या C=O बंधाच्या) येऊन बसतो. १० मायक्रोमीटरच्या थरात पाण्याचे शोषण तिथे साधारण १.२ भरते, मिलिलिटरला १ मिलिग्रॅम प्रथिन असेल तर त्याचे शोषण काही सहस्रांश. सगळी भिस्त पाण्याचा स्पेक्ट्रम वजा करण्यावर. म्हणून साध्या एफटीआयआरसाठी (नेहमीच्या इन्फ्रारेड यंत्रासाठी) कॅल्शियम फ्लोराइडच्या खिडक्यांचा, १० मायक्रोमीटरच्या आतबाहेरचा सेल घ्यावा. पंपाच्या ठोक्यांनी खिडक्या किंचित जरी हलल्या तरी वजाबाकी कोलमडते. जाडीची खात्री करायला रिकाम्या सेलचा स्पेक्ट्रम घ्यावा: त्यातल्या लाटांची लगतची शिखरे ५०० सेमी⁻¹ अंतरावर दिसली तर जाडी १० मायक्रोमीटर. अंतर दर वेळी वेगळे येत असेल, तर नमुना घालण्यात अर्थ नाही. एवढी चिंचोळी वाट तुंबतेही फार, त्यामुळे गाळणीत कंजूषी नको. जड पाण्यात ५० मायक्रोमीटरपर्यंत जाता येते, पण हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम शिरून बँड सरकतात. क्वांटम कॅस्केड लेझर (इन्फ्रारेडचा फार प्रखर स्रोत) परवडत असेल तर साध्या पाण्यातही २५ मायक्रोमीटरचा सेल चालतो, आणि तुंबण्याची कटकट बरीच कमी होते.

एटीआरमध्ये किरण द्रावणात जेमतेम एक-दोन मायक्रोमीटर शिरतो. पाण्याचा त्रास कमी, पण नमुन्याचा सिग्नलही तितकाच कमी. त्याहून वाईट म्हणजे प्रथिने स्फटिकाला चिकटतात. नमुना निघून गेल्यावर नुसता बफर (प्रथिनांविना तेच क्षारयुक्त द्रावण) वाहू द्या. अमाइडचा बँड शून्यावर येत नसेल, तर तुम्ही द्रावण नव्हे, स्फटिकावरचा थर मोजत होता. दाट मिश्रणातली पॉलिमरायझेशनची अभिक्रिया चालू असताना बघायची असेल तेव्हा मात्र एटीआरच बरे. (स्फटिक झिंक सेलेनाइडचा असेल तर त्याची आम्लाशी गाठ घालू नका.)

सेंद्रिय द्रावकातल्या पॉलिमरचा हिशेब वेगळा. क्लोरोफॉर्ममध्ये १७३० सेमी⁻¹ ची जागा मोकळी असते, त्यामुळे फक्त एस्टरचा कार्बोनिल (C=O) बँड हवा असेल तर जाडसर सेल पुरतो. पण स्टायरिन-अ‍ॅक्रिलेट कोपॉलिमरची (दोन घटकांच्या साखळीची) घडण रेणुभारानुसार कशी बदलते हे पाहायचे, तर कार्बोनिलच्या जोडीला १६०० जवळचा स्टायरिनच्या वलयाचा बँडही लागतो. अशा वेळी द्रावक उडवून जर्मेनियमच्या फिरत्या चकतीवर थर जमवणे मला सर्वांत खात्रीचे वाटते, कारण पूर्ण स्पेक्ट्रम निवांत घेता येतो. प्रथिनांसाठी ही वाट जवळपास बंदच: बफरमधले क्षार चकतीवर साठतात आणि वाळताना रेणूची घडी बदलू शकते.

रेणूंच्या आकारानुसार वेगळे करणाऱ्या कॉलममध्ये द्रावक एकच राहतो, म्हणून तिन्ही पद्धतींना बॅकग्राउंड स्थिर मिळतो. द्रावकाचे प्रमाण बदलत जाणारी ग्रेडियंट पद्धत वापरणार असाल, तर सेल आणि एटीआर दोन्हींत वजाबाकी डोकेदुखी होते. तिथे पॉलिमरसाठी चकतीच घ्या.